माल एकच, भाव दोन : परदेशातून सॉफ्टवेअर घेण्याचा हिशेब

भिवंडीचा कपडा मुंबईत एका भावाने आणि दूरच्या गावी दुसऱ्या भावाने विकला जातो, याचे व्यापारी बंधूंना नवल वाटत नाही. मध्ये भाडे आहे, हमाली आहे, दलाली आहे. परंतु ज्या मालाला गठ्ठा नाही, वजन नाही, जो तारेवरून येतो, त्याचा भाव देश बदलताच दीडपट, दुप्पट का व्हावा? हा सवाल ऑस्ट्रेलियातील धंदेवाल्यांनी विचारला होता. त्यांचा अनुभव आपल्याही उपयोगाचा आहे.

छपाई आणि डिझाइनच्या धंद्यात लागणारा अडोबी कंपनीचा 'क्रिएटिव्ह सूट ६ मास्टर कलेक्शन' हा संच २०१२ साली बाजारात आला. अमेरिकेत त्याची किंमत २५९९ डॉलर होती. ऑस्ट्रेलियात त्यालाच ४३०० हून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागत. त्या वेळी ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा किंचित वरच होता, म्हणजे चलनाची सबब नव्हती. तिथला दहा टक्के कर धरला तरी फरक दीड हजाराच्या घरात जातो. अमेरिकेचे जाण्यायेण्याचे विमानतिकीट काढून संच घेऊन आले तरी पैसे उरतात, असा हिशेब तेव्हा मांडला गेला.

ओरड वाढल्यावर संसदीय समितीने चौकशी केली. ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी या तीन कंपन्यांना २२ मार्च २०१३ रोजी समितीपुढे हजर व्हावे लागले. जुलै २०१३ च्या अहवालात समितीने म्हटले की, ग्राहकांना त्याच मालासाठी अनेकदा ५० ते १०० टक्के जास्त द्यावे लागतात. ग्राहकाला परदेशातून स्वस्त माल आणण्यातील अडथळे दूर करावेत, अशी शिफारसही तिने केली.

यातील मर्म व्यापारी लगेच ओळखेल. हा भाव खर्चावर ठरत नाही, गिऱ्हाईक किती देऊ शकेल यावर ठरतो. दोन बाजारांमध्ये भिंत उभी असेल तोवरच असे दोन भाव टिकतात. मे २०१३ मध्ये अडोबीने यापुढे नवा माल कायमचा न विकता वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. पेटी विमानातून आणता येत होती. वर्गणीला मात्र ग्राहकाचा देश आणि कार्डाचा पत्ता विचारला जातो.

भिंतीची दुसरी बाजूही आहे. गरीब देशांत कंपन्या कधी कधी भाव कमी ठेवतात. स्टीम या खेळ विकणाऱ्या दुकानात अर्जेंटिना व तुर्कस्तानचे भाव फार कमी होते, म्हणून बाहेरचे लोक तिथली खाती काढू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुकानाने त्या देशांचे भाव डॉलरमध्ये नेले आणि तिथल्या गरीब गिऱ्हाइकालाही माल महाग पडू लागला. दुकानाने त्याचे कारण चलनाच्या भावातील चढउतार हे सांगितले, तरी खोटा पत्ता देऊन केलेल्या सौद्याची झळ दुसऱ्याला बसू शकते.

आपले बंधू परदेशी कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतात, तेव्हा पूर्ण पडतळ काढावी. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याने तो स्वतः भरायचा असतो. धंद्यासाठी घेतलेल्या मालावर त्याचे क्रेडिट मिळते, पण कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ते मिळत नाही. बँकेचा चलनबदलाचा आकार वेगळा.

परवान्याच्या अटी तर आधी वाचाव्यात. तो आपल्या देशात चालतो का, दुरुस्ती आणि नवी आवृत्ती इथे मिळेल का, बिल आपल्या नावावर व जीएसटी क्रमांकावर येईल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. खाते बंद पडले तर नुसता पैसाच जात नाही, ऐन हंगामात डिझाइनचे कामही अडते. एवढे सगळे धरूनही माल स्वस्त पडत असेल, तर सौदा जरूर करावा.