गांवचें दूध आणि सोसायटीचा चिटणीस

मुळशी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर पहांटे धार निघते, किटल्या गांवच्या दूध सोसायटींत येतात आणि तेथून दूध शहराची वाट धरतें. पुणें जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९६० सालीं स्थापन झाला. 'कात्रज' या नांवानें तो आपणांस परिचित आहे. परंतु मला आज बोलावयाचें आहे तें अशा सांखळीच्या पहिल्या कडीविषयीं, म्हणजे गांवच्या सोसायटीच्या चिटणिसाविषयीं.

अन्नसुरक्षा व मानकें अधिनियम २००६ सालीं झाला. त्याखालील नियमांत एक सवलत आहे. जो सभासद आपलें सर्व दूध नोंदलेल्या सोसायटीसच घालतो, त्याला स्वतंत्र नोंदणी लागत नाहीं. दोन म्हशींच्या धन्याला कचेरीच्या खेपांतून सोडविलें, हें योग्यच झालें. (मात्र 'सर्व दूध' हे शब्द महत्त्वाचे आहेत, वाटेवरच्या हॉटेलास चार लिटर घालणाऱ्याला ही सवलत नाहीं.) सभासद सुटला कीं ओझें सोसायटीवर, म्हणजे व्यवहारांत चिटणिसावर येतें.

आमच्या लोकांचा दुग्धमापकावर फार भरंवसा. गाईच्या दुधाची घनता सुमारें १.०२८ ते १.०३२ असते, पाणी घातलें कीं ती उतरते. पण साय काढली कीं ती चढते! तेव्हां साय काढून बेतानें पाणी घालणारा या कांचेच्या नळीस सहज फसवितो. म्हणून स्निग्धांशहि मोजावा लागतो. आणि जंतूंविषयीं तर ही नळी अगदींच मुकी आहे.

जंतूंना हवा असतो वेळ आणि ऊब. अर्ध्या तासांत ते दुप्पट होतात असें धरलें, तरी तीन तासांत एकाचे चौसष्ट झाले. दूध लवकर चार अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केलें, तर ही वाढ मंदावते. पावसाळ्यांत ताम्हिणीकडे रस्ता अडला, वीज गेली, म्हणजे चिटणिसाची खरी परीक्षा होते.

शहरांतील भगिनी म्हणतील, "आम्ही दूध उकळूनच घेतों कीं!" उकळावेंच. त्यानें बहुतेक जंतू मरतात. परंतु स्टॅफिलोकोकस जातीचे कांहीं जंतू दुधांत जें विष सोडतात, तें घरच्या उकळीनें नष्ट होत नाहीं. कासदाहावर जनावरास दिलेल्या औषधाचा अंशहि उकळून जात नाहीं. त्या औषधाची ठरलेली मुदत संपेपर्यंत तें दूध घेऊंच नये.

घेऊं नये, हें सांगणें सोपें. समोर किटली घेऊन उभा असतो तो चुलता, नाहींतर शेजारी. त्याचें दूध परत करणें म्हणजे त्याच्या घरची त्या दिवसाची मिळकत परत करणें. येथें चिटणिसाचा स्वभाव आणि कायदा यांची गांठ पडते. संस्थेकडून अपराध घडल्यास कारभार पाहणारा जबाबदार धरला जातो. मात्र आपण सर्व वाजवी दक्षता घेतली होती, असें सिद्ध केल्यास तो सुटूं शकतो. तें सिद्ध व्हावयाचें नोंदवहीवरून. तेव्हां परत केलेल्या दुधाची नोंद त्याच वेळीं करावी: नांव, वेळ, कारण आणि सभासदाची सही. त्यानें सही नाकारली, तर रांगेंतील दुसऱ्या दोघांची घ्यावी.