‘प्रश्न उद्भवत नाही’ : सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचं पुढे होतं काय?

(एपिसोडचं लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे.)

आज सुरुवात एका शब्दापासून करू. कोयता.

पुण्यात गेली काही वर्षं कोयता म्हटलं की आपल्याला गँगच्या बातम्या आठवतात. पण ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम जी उचल देतो, ती कोयत्यावर देतो. पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात जातात. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रॉलीत चढवते. पण हिशेबाच्या वहीत तिचं वेगळं नाव नसतं.

आता मला सांगा, जिचं नाव कुठल्याच वहीत नाही, तिच्याबद्दल सरकारला प्रश्न विचारायचा कसा? आजचा एपिसोड याच्यावरच आहे.

पुण्याचा काय संबंध?

भरपूर आहे. राज्याचं साखर आयुक्तालय आपल्या शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. कारखान्यांचे गाळप परवाने तिथूनच निघतात. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसं घरं बंद करून निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी कर्नाटकात, तर कुणी आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, जुन्नरला. फडाजवळ कोपी टाकायची आणि पाचेक महिने तिथेच राहायचं.

इथे कायद्यातली एक गंमत बघा. गंमत कसली, अडचणच. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा जो केंद्रीय कायदा झाला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. आता तो नव्या कामगार संहितेत सामावला गेलाय, पण ‘आंतरराज्य’ ही अट तशीच राहिली. म्हणजे बीडहून बेळगावला गेलेली बाई स्थलांतरित. बीडहून बारामतीला आलेली? तशाच कोपीत, पण या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

जून २०१९ : एक प्रश्न, एक आकडा

एप्रिल २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण फार मोठं आहे. ऐन तिशीतल्या, काही तर त्याहूनही लहान.

कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणं. फडावर संडास नाही, धुण्यापुरतं पाणी नाही. त्यातून अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, संसर्ग. एक दिवस कामावर गेलं नाही की ‘खाडा’ धरतात आणि दंड कापला जातो. सरकारी दवाखाना दूर, म्हणून खासगीत जायचं. तिथे काही डॉक्टर साध्या तक्रारीवरही सांगतात, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. ऑपरेशनचा खर्च पुढच्या उचलीतून. म्हणजे दुखणं गेलं नाही तरी कर्ज वाढलंच. ‘मुकादमानं जबरदस्ती केली’ एवढ्या एका ओळीत हे बसत नाही. इथे कुणी हात धरून नेत नाही, पण दुसरी वाटही ठेवलेली नसते.

जूनच्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी हा विषय मांडला. त्या पुण्याच्या, अनेक वर्षं स्त्रियांच्या प्रश्नांवर काम केलेल्या. उत्तर द्यायला उभे होते तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे. लक्षात घ्या, दोघंही तेव्हा शिवसेनेत आणि पक्ष सत्तेत. प्रश्न विचारणं हे फक्त विरोधकांचं काम, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. मंत्री सभागृहाला उत्तर द्यायला बांधील असतो, समोरचा कुठल्याही पक्षाचा असो.

मंत्र्यांनी आकडा दिला : तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया. आणि चौकशी समितीची घोषणा केली.

४,६०५ म्हणजे नेमकं काय?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

हा आकडा दवाखान्यांच्या नोंदींतून आला. तीन वर्षांपुरता. एका जिल्ह्यातला. आणि त्यातल्या सगळ्याच बायका ऊसतोड कामगार नव्हत्या. म्हणजे ‘किती शस्त्रक्रिया झाल्या’ याचं हे उत्तर होतं. ‘ऊस तोडणाऱ्या किती बायकांना गर्भाशय गमवावं लागलं’ हा वेगळाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तेव्हा कुणाच्याच फायलीत नव्हतं.

ते शोधायचं तर बायकांनाच जाऊन विचारायला हवं. पुढे नीलम गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीडमध्ये तसं सर्वेक्षण झालं. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहाजणींमागे एक. आता २०१५-१६ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. वयोगट अगदी तेच नसतील, तुलना जपून करायची. पण फरक डोळ्यांवर येतोच.

प्रश्नाचं खरं काम इथे दिसतं. सभागृहातल्या प्रश्नामुळे दुसऱ्या दिवशी कुणाचं आयुष्य बदलत नाही. पण जी गोष्ट ‘बायकांच्या तक्रारी’ म्हणून सोडून दिली जात होती, ती सरकारच्या तोंडून आकडा म्हणून नोंदीत येते. मग ‘असं काही नाहीच’ म्हणायची सोय उरत नाही.

‘हे खरे आहे काय?’

आपल्या विधिमंडळातले प्रश्न कधी वाचलेत? त्यांची एक ठरलेली भाषा असते. अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

आणि उत्तरांचीही. ‘हे खरे आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ आणि सगळ्यात गाजलेलं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

म्हणजे पहिल्या कलमाला ‘खरे नाही’ म्हटलं, की खालची सगळी कलमं आपोआप गळून पडतात. म्हणून पहिलं वाक्य अचूक असावं लागतं. गाव, काळ, आकडा, सगळं.

प्रश्न दोन प्रकारचे. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं, विषय संपला. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी कसोटी उपप्रश्नाची. छापील उत्तर खात्याचे अधिकारी लिहून देतात. उपप्रश्नाच्या वेळी मंत्र्याला विषय किती ठाऊक आहे, ते कळतं.

एकाच आठवड्यातली दोन उत्तरं

उपप्रश्न नसला की काय होतं, त्याचं उदाहरण दिल्लीचं आहे. सप्टेंबर २०२०. कोविडमुळे संसदेच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं. १४ सप्टेंबरला लोकसभेत प्रश्न होता : लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले? कामगार मंत्रालयाचं उत्तर आलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. मग नुकसानभरपाईचं काय? आकडाच नाही, तेव्हा तो प्रश्न उद्भवत नाही.

आणि त्याच वर्षी ८ मे ला, आपल्या राज्यात करमाडजवळ, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले होते. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले. अख्ख्या देशानं ती बातमी पाहिली होती.

पण त्याच आठवड्यात राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांचं लेखी उत्तर आलं. श्रमिक विशेष गाड्यांमधून प्रवास करताना ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. ही माहिती राज्यांच्या पोलिसांकडून आलेली.

सरकार तेच, मजूर तेच. पण दुसऱ्या प्रश्नात जागा ठरलेली होती, खातं ठरलेलं होतं. ‘वाटेत किती गेले’ याला कुणी धनी नव्हता. ‘तुमच्या गाडीत किती गेले’ याला होता.

पुण्यातून आलेली जुनी चिकाटी

मजुरांच्या स्थलांतरावर सरकारला सभागृहात धारेवर धरणं, ही गोष्ट पुण्याला नवीन नाही. फर्ग्युसनमध्ये शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते. तेव्हा हजारो भारतीय मजूर ‘गिरमिट’वर, म्हणजे पाच वर्षांच्या करारावर, समुद्रापार पाठवले जात. करार मोडला तर तुरुंग. फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी ठराव मांडला, की नाताळसाठी (दक्षिण आफ्रिकेतला प्रांत) ही भरती बंद करा. तो मंजूर झाला आणि १९११ पासून नाताळला मजूर पाठवणं थांबलं. मार्च १९१२ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं : गिरमिटची पद्धतच बंद करा. हा ठराव हरला, कारण सभागृहात सरकारी सदस्यांचं बहुमत होतं.

पण आपण हा ठराव पुन्हा पुन्हा आणू, असं त्यांनी तिथेच बजावलं. १९१५ मध्ये ते गेले. १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच मुद्दा पुढे नेला आणि १९१७ मध्ये भरती थांबली. हरलेल्या ठरावाचंही भाषण नोंदीत राहतं, आणि पुढचा माणूस तिथून सुरुवात करतो.

मग बीडच्या प्रश्नाचं काय झालं?

काही गोष्टी झाल्या. जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ उभं राहिलं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारनं घालायची, असं ठरलं. मुलांची शाळा सुटू नये म्हणून वसतिगृहांची योजना आली. हे सगळं एका प्रश्नामुळे झालं असं मी म्हणणार नाही. संघटना, पत्रकार, डॉक्टर, कितीतरी लोक आधीपासून झटत होते. आणि सगळं सुटलंही नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ऊसतोड कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

म्हणजे उत्तर मिळालं की काम संपत नाही. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. पण तिच्या मागे लागणारा कुणीतरी आमदार लागतो, आणि आमदाराच्या मागे लागणारे आपण.

आपण काय करू शकतो?

लोकसभा-राज्यसभेतले प्रश्न आणि उत्तरं संसदेच्या वेबसाइटवर फोनवरच दिसतात. विधिमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नांच्या याद्या असतात. आपल्या खासदारानं, आमदारानं या वर्षी काय विचारलं, एकदा बघाच. रीलमधलं भाषण आणि नोंदीतला प्रश्न यांत किती अंतर आहे, ते कळेल.

आणि आमदाराला लिहायचं असेल तर ‘ऊसतोड महिलांसाठी काहीतरी करा’ असं लिहू नका. त्याला ‘शासन सकारात्मक आहे’ एवढंच उत्तर येतं. असं लिहा : पुणे जिल्ह्यात या गाळप हंगामात किती ऊसतोड महिला आल्या? त्यांपैकी किती जणींची आरोग्य तपासणी झाली? कारखान्यानिहाय आकडा काय? झाली नसल्यास, विलंबाची कारणे काय?

या प्रश्नात कोयत्याची मोजणी नाही, बाईची आहे. एकदा ती वेगळी मोजली गेली, की ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर देणं जरा अवघड होईल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, आणि विचारत राहा.