विश्वस्त गेले, नाव राहिले

कोकणातील आमच्या गावच्या सिनेगॉगचे आमचे वडील एक विश्वस्त होते. ते इस्राएलला आले व येथेच निवर्तले. परंतु धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी ते अद्याप विश्वस्तच आहेत! गेल्या वर्षी गावाहून आलेल्या पत्राने हे आम्हांस कळले. कब्रस्तानाच्या हद्दीत शेजाऱ्याचे कुंपण सरकले आहे. तक्रार करावी, तर नोंदीतील तीन विश्वस्तांपैकी दोघे हयात नाहीत आणि तिसरे अश्दोदला अंथरुणास खिळलेले. सही कोणी करावी?

पुष्कळ कुटुंबांची हीच स्थिती असेल, म्हणून कायदा थोडक्यात सांगतो.

मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा केला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. देऊळ, मठ, चर्च, अग्यारी यांच्याबरोबर सिनेगॉगही त्यात येते. व्यवस्था स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत विश्वस्तांनी उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज करावयाचा असतो. त्यात विश्वस्तांची नावे व पत्ते, नवा विश्वस्त नेमण्याची रीत, स्थावर-जंगम मालमत्तेची यादी व अंदाजी किंमत, तसेच सरासरी वार्षिक उत्पन्न लिहावे लागते. चौकशीअंती नोंद होऊन दाखला मिळतो.

आपण येथेच थांबतो, आणि येथेच चुकतो. विश्वस्त वारला वा बदलला, की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून मुदतवाढ मागता येते. हे दप्तर म्हणजे निव्वळ कागद नव्हेत. विश्वस्त संस्थेची जागा विकणे, दान देणे किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देणे, यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. नोंद चोख असेल, तर जागेचे रक्षण होते. नसेल, तर तिच्या वतीने बोलणारा कोणी उरत नाही.

आम्ही वडिलांची ट्रंक उघडली. तळाशी नोंदणीचा जुना दाखला सापडला. त्याची प्रत, वडिलांचा हिब्रू मृत्युदाखला व त्याचे प्रमाणित भाषांतर गावी पाठविले. तेथील मंडळींनी सभा भरवून, संस्थेच्या नियमांप्रमाणे नवे विश्वस्त निवडले आणि बदल अर्ज दाखल केला. निकाल यावयाचा आहे.

वाचकहो, आपल्या घरीही अशी ट्रंक असेल. ती एकदा उघडून पाहावी. आपण देश सोडला, तरी आपल्या आजा-पणजांच्या कबरी तेथेच आहेत. त्यांची राखण करणाऱ्या मोजक्या बांधवांना आपल्याजवळचा एखादा कागदही मोठा आधार होईल.