सोनं तापतं, गाठ जळते. पण सोनं जातं कुठे?

भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये काम करणाऱ्यांनी लेझर कटिंग पाहिलेलं असतं. पोलादाचा पत्रा पटकन कापला जातो, पण तांबं-पितळ आलं की ऑपरेटर सावध होतो. हे धातू लेझरचा बराचसा प्रकाश परत फेकतात. सोनंही त्याच जातीचं. मग कर्करोगाची गाठ प्रकाशाने जाळायला सोनंच का घेतात?

तर गंमत आकारात आहे. सोन्याचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणजे 100 नॅनोमीटरच्या आसपास झाला की त्यातले इलेक्ट्रॉन ठरावीक रंगाच्या प्रकाशात एकदम झुलायला लागतात. प्रकाश शोषला जातो आणि कण तापतो. सोन्याचा थर कमीजास्त करून तो 'ठरावीक रंग' आपल्याला बदलता येतो. आपल्याला हवा 700 ते 900 नॅनोमीटरचा, कारण रक्त आणि पाणी तो कमी अडवतात. (टॉर्चवर हात ठेवला की बोटं लाल दिसतात ना? त्यातलाच प्रकार.) पेशी 45 अंशांच्या वर काही मिनिटं राहिली तरी मरायला लागते.

तापवणं जमलं, पण खरी अडचण पुढे आहे. सोनं शरीरात विरघळत नाही. मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण 6 नॅनोमीटरपर्यंतचेच कण बाहेर पडतात. मोठे कण यकृतात, प्लीहेत साठून राहतात. यावर आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधले अभिजित डे यांच्या गटांनी एक तोडगा काढला: आत चरबीची पोकळ पिशवी, म्हणजे लायपोसोम, आणि वरून सोनं. 2015 साली त्यांनी निष्कर्ष छापले. 750 नॅनोमीटरच्या लेझरने उंदरांमधली गाठ पूर्ण नाहीशी झाली, आणि कण यकृताच्या पेशींत मोडून पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडले. आम्हाला या कामात गाठ जळण्यापेक्षा हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

पण हे उंदीर होते बरं का. माणसांवर अमेरिकेत सिलिकावर सोनं चढवलेले कण वापरले गेले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रोस्टेट कॅन्सरचे 16 रुग्ण होते, 15 जणांचा उपचार पूर्ण झाला. प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, म्हणून लेझरचा तंतू थेट ग्रंथीत घालावा लागला. म्हणजे एका जागी असलेली गाठ ठीक. रोग हाडांत, फुप्फुसांत पसरला असेल तर प्रत्येक ठिकाणी तंतू कसा पोचवणार?

आणि सुवर्णभस्माबद्दल विचारलं जातंच, म्हणून सांगतो: ते पोटात घेण्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यावर विसंबून चालू असलेली केमो कुणी थांबवू नये.