‘सूर्यावर स्फोट’ असा मेसेज आला? आधी त्यातलं अक्षर बघा

सोलापूर : ‘सूर्यावर मोठा स्फोट, मोबाईल बंद ठेवा, सौरपंपाची वायर काढा’ असले मेसेज अधूनमधून ग्रुपवर फिरतात. स्फोट होतो हे खरं, त्याला सौरज्वाला म्हणतात. पण तो केवढा, हे कुणी सांगत नाही. ते मोजायची रीत ठरलेली आहे, आणि आपलं आदित्य एल-१ यानही ज्वाला मोजतं.

उजेडावरून ज्वाला सहसा कळत नाही. सूर्याचा उजेडच एवढा, की भर दुपारी कंदील लावल्यासारखं होतं. क्ष-किरणांत उलटं असतं. शांत सूर्य तिथं मंद दिसतो आणि मोठी ज्वाला उठली की काही मिनिटांत आकडा शेकडो पट चढतो. दवाखान्यात हाडाचा एक्स-रे काढतात, त्याच जातीचे हे किरण. सूर्याकडून येणारे हे किरण वरच्या हवेतच अडतात, जमिनीवर पोचत नाहीत. म्हणून यंत्र अवकाशात ठेवावं लागतं.

आदित्य २ सप्टेंबर २०२३ ला उडालं आणि ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या जागी पोचलं. तिथं रात्र नाही. त्यावरची सोलेक्स आणि हेलिओस ही यंत्रं फोटो काढत नाहीत, किरण मोजतात. सोलेक्सला भोकं दोन. मोठं रोजच्या मंद सूर्यासाठी, बारीक ज्वाला भडकल्यावर, नाहीतर किरणांच्या गर्दीत मोजणीच चुकेल. आलेख ओढ्याच्या पुरासारखा, झपकन चढतो आणि सावकाश उतरतो.

ज्वालेचा वर्ग या आलेखाच्या टोकावरून ठरतो. त्यासाठी जगभर अमेरिकेच्या गोज उपग्रहांचे आकडे धरतात. ए, बी, सी, एम, एक्स अशी अक्षरं, पुढचं प्रत्येक दहापट. सी म्हणजे किरकोळ, एक्स सगळ्यात मोठी. तरी एक्स १ ज्वालेत पृथ्वीजवळ एका चौरस मीटरवर पडणारे क्ष-किरण किती? एका वॅटचा दहाहजारावा भाग. त्याच जागी ऊन असतं सुमारे १३६१ वॅट. त्यामुळे आपल्याकडचा पारा ४३ वर गेला, तर त्याचा दोष ज्वालेवर टाकू नका.

२२ फेब्रुवारी २०२४ ला एक्स ६.३ ची ज्वाला उठली. आपल्याकडे तेव्हा २३ ची पहाट, अंधारच होता. पण आदित्यनं ती टिपली. पुण्याच्या आयुका संस्थेत घडलेल्या सूट दुर्बिणीनं अतिनील फोटो काढले. ते क्ष-किरणांच्या आकड्यांशी ताडल्यावर दिसलं, की खालच्या थरातला भडका आणि वरच्या वायूचं तापणं एकमेकांना धरून होतं.

मग आपल्यावर परिणाम काय? एक्स ज्वाला आपल्या दिवसा आली, तर लांब पल्ल्याचा शॉर्टवेव्ह रेडिओ काही काळ बंद पडू शकतो. तो विमान-जहाजवाल्यांचा प्रश्न. मोबाईल आणि सौरपंप चालू ठेवा. उपग्रहावर चालणाऱ्या जीपीएसमध्ये थोडा फरक पडू शकतो. त्यामुळे अशा वेळी शेतात रोव्हरनं मोजणी चालू असेल, तर हद्दीची खूण रोवण्याआधी तोच बिंदू थोड्या वेळानं पुन्हा घ्यायला सांगा.