कोलकात्याचं सांडपाणी कुठे जातं?

सियालदह स्थानकावर उतरणाऱ्या पाहुण्याला वाटतं की शहराच्या पश्चिमेला एवढी हुगळी नदी आहे, तेव्हा सगळी गटारं तिलाच मिळत असणार. पण हुगळीने गाळ टाकून स्वतःचा काठ उंच करून ठेवलाय. जमिनीचा उतार त्यामुळे उलट्या दिशेला, पूर्वेकडच्या पाणथळीत जातो. पूर्वी तिथे बिद्याधरी नदीतून भरतीचं खारं पाणी यायचं. नदी गाळाने भरत गेली आणि १९२८च्या सुमारास निचऱ्याच्या कामाची उरली नाही. मग मासेमारांनी खाऱ्या पाण्याऐवजी शहराचं सांडपाणीच तळ्यांत घ्यायला सुरुवात केली.

म्हणून ‘माणसाचा हात लागला की पाणथळ बिघडते’ हे सरसकट विधान इथे टिकत नाही. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा परिसर माणसांच्या रोजच्या राबण्यावर चालतो. भेरी, म्हणजे मत्स्यतळी, मुद्दाम उथळ ठेवतात, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचतं. जिवाणू घाण कुजवतात, शेवाळ वाढतं आणि प्राणवायू सोडतं, मासे ते शेवाळ खातात. काठाला जलपर्णी राखतात. एरवी आपण तिला शिव्या देतो, पण इथे ती लाटांपासून बांध वाचवते. सफाई अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी १९८०च्या दशकात हे सगळं अभ्यासून जगापुढे मांडलं. मासेमारांना मात्र ते आधीपासून ठाऊक होतं.

‘गटारातले मासे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: सांडपाणी तळ्यात मोजून सोडतात, मुरू देतात, मगच त्यात रोहू-कटला वाढतात. खरी काळजी आहे ती कारखान्यांतल्या जड धातूंची. उन्हाने ते नाहीसे होत नाहीत. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टांगरा, तिलजला, तोपसियातले चामड्याचे कारखाने हलवायला सांगितलं. ते हलले कुठे, तर बानतलाला, याच पाणथळीच्या कडेला!

‘२००२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव आलं, २००६मध्ये संरक्षणाचा कायदा झाला, आता धोका टळला’ हा समजही भाबडाच. सॉल्ट लेक उपनगर साठच्या दशकापासून हुगळीचा गाळ पंपाने आणून, तळी भरूनच उभं राहिलं. तेव्हा भराव उघडपणे व्हायचा. आता डंपर आणायचीही गरज नाही: कालवे गाळाने तुंबले आणि सांडपाणी पोचलं नाही, की भेरी तोट्यात जाते, आटते, आणि कोरड्या जमिनीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही.