परिपाठात चक्कर का येते? : शरीरातल्या संस्था एकत्र कशा काम करतात



ऑक्टोबरमधली गोष्ट आहे. वाघोलीत त्या महिन्यात सकाळी दहालाच ऊन चटके देतं. मैदानावर परिपाठ चालू होता. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सुविचार, दिनविशेष, बातम्या, मग बोधकथा. बोधकथा जरा लांबली. पाचवीच्या रांगेतली एक मुलगी आधी पांढरीफटक पडली, मग डोलली आणि धपकन खाली. आम्ही दोघीतिघी धावलो. एकीने तिला काखेत धरून उभं करायचा प्रयत्न केला, मी तोंडाशी पाण्याची बाटली नेली, कुणीतरी कांदा आणायला पळालं. मुलगी पुन्हा आमच्या हातातच लुळी पडली. शेवटी तिला आडवं ठेवलं तेव्हा कुठे मिनिटाभरात तिने डोळे उघडले.

त्या दिवशी आम्ही जे केलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. का चुकीचं होतं, हे समजून घेताना मला शरीरातल्या संस्थांचा धडा नव्याने कळला, म्हणून हा लेख.

आपण हा विषय तुकड्यातुकड्यांत शिकवतो. बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला अस्थिसंस्था आणि त्वचा, सातवीला स्नायू आणि पचनसंस्था, आठवीला श्वसन आणि रक्ताभिसरण असं वाटप होतं. एकदम सगळं झेपणार नाही, हे मान्य. पण मुलांच्या डोक्यात मग असं बसतं की पचनसंस्था हे एक खातं, श्वसन हे दुसरं खातं, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्या वर्गातल्या एकाने मैदानाला फेरी मारून आल्यावर विचारलं होतं, "बाई, पळाले पाय, मग धडधड छातीत का होते?" पाठ्यपुस्तकातल्या दहा प्रश्नांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. पायाच्या स्नायूंना जास्त प्राणवायू आणि साखर लागते, ती रक्तातून जाते, म्हणून हृदय जोरात चालतं. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा म्हणून श्वास वाढतो. अंग तापतं म्हणून त्वचा घाम काढते. आणि या सगळ्यांना हुकूम देणारा मेंदू वर बसलेला असतो.

आता त्या मुलीकडे येऊ. आदल्या रात्री आठला जेवलेली. सकाळी घाई, आई लवकर कामाला जाते, त्यामुळे फक्त चहा. केसनंद फाट्यावर गाड्यांची कोंडी, तिथे रिक्षात अर्धा तास. म्हणजे नीट खाल्ल्याला चौदा तास उलटलेले. पण एवढ्याने लगेच कोणी पडत नाही. पचनसंस्थेने आदल्या दिवशी मिळवलेली साखर यकृताने साठवून ठेवलेली असते. रात्रभर ती थोडीथोडी रक्तात सोडली जाते. किती सोडायची ते स्वादुपिंडाची संप्रेरकं ठरवतात. मेंदूला ही साखर सतत हवीच. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा खातो जवळजवळ २० टक्के. मुलांमध्ये हा वाटा आणखी मोठा असतो. म्हणून सकाळी काहीच न खाता आलेलं मूल चिडचिडं होतं, फळ्यावरचं चुकीचं उतरवतं. ते वळण लावायचं प्रकरण नसतं, पोटाचं असतं. १९९५ मध्ये देशात शालेय पोषण आहार सुरू झाला, पण आमच्याकडे खिचडी मिळते दुपारी आणि परिपाठ असतो सकाळी. मधल्या तासांचं काय, हे घरानेच बघायला हवं. कालची पोळी गुळाबरोबर चालते, मूठभर शेंगदाणे चालतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. ती घरून पाणी पिऊन आली नव्हती आणि बाटलीलाही हात लावला नव्हता. पाणी कमी पडलं की मेंदूतून निघालेलं संप्रेरक मूत्रपिंडांना सांगतं, पाणी धरून ठेवा. लघवी गडद पिवळी होते ती यामुळे. पण मूत्रपिंडं पाणी वाचवतात, नवीन तयार करत नाहीत. त्यात ऊन. शरीर थंड ठेवायला त्वचेकडे जास्त रक्त वळतं आणि घामातून आणखी पाणी जातं. उत्सर्जन संस्था वाचवतेय आणि त्वचा खर्च करतेय, अशी ओढाताण.

आणि तिसरी गोष्ट आपल्या हातातली : स्तब्ध उभं राहणं. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढायचं तर पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सुटले पाहिजेत. ते नीलांना पिळतात, आणि नीलांमधल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. चालताना हे आपोआप होतं. हलू नका म्हटलं की हा पंपच बंद. मोठ्या माणसाच्या पायात नुसतं उभं राहून अर्धा लिटरच्या आसपास रक्त साठतं. परेडमध्ये धडधाकट जवानही कोसळतात ते याचमुळे. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे, तेवढ्यात काही होत नाही. पंचवीस मिनिटं ही वेगळी गोष्ट.

हृदयाकडे रक्त कमी आलं की आधी ते जोरात धडधडून भरपाई करतं. पण कधी कधी चेतासंस्थेचा हिशोब उलटतो : मेंदूकडून हृदयाला वेग कमी करायचा निरोप जातो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो, आणि मेंदूलाच काही सेकंद पुरेसं रक्त मिळत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, स्नायू सैल पडतात, माणूस खाली.

गंमत बघा, हे पडणं हाच त्यावरचा उपाय असतो. आडवं झालं की डोकं आणि हृदय एका पातळीत येतात आणि रक्त मेंदूपर्यंत सहज पोहोचतं. आम्ही तिला उभं करून नेमकं तेच मोडत होतो. आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, कारण गिळताना श्वासनलिकेवर झाकण टाकणारी व्यवस्था तेव्हा धड चालत नसते. माझी ती बाटली म्हणजे केवढा धोका होता, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

म्हणून अशा वेळी मुलाला सावलीत उताणं झोपवा, पाय दप्तरावर टेकवून उंच करा, गळ्याचं बटण सैल करा, गर्दी हटवा. पूर्ण शुद्धीवर आल्यावर घोटघोट पाणी, मग काही खायला. कांदा आणि चप्पल राहू द्या. मिनिटभरात शुद्ध आली नाही, झटके आले, डोक्याला मार बसला, किंवा मूल पळता पळता कोसळलं असेल तर १०८ ला फोन करा. आणि पालकहो, असं वारंवार होत असेल तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

वर्गात शिकवताना मी आता चित्राचा तक्ता नंतर लावते. आधी मुलं मनगटावर बोट ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजतात, मग वीस उठाबशा, मग पुन्हा मोजतात. फळ्यावर दोन्ही आकडे लिहायचे आणि विचारायचं, "यात कोणकोण कामाला लागलं?" मुलं हृदय, फुप्फुसं सांगतात. मग कुणीतरी हाडं म्हणतं. एकदा एकीने "सकाळची भाकरी" सांगितलं. तिला मी पैकीच्या पैकी दिले. आमच्याकडे खडी क्रशर आणि रस्त्याची धूळ भरपूर, त्यामुळे शिंकेचं उदाहरणही फुकट मिळतं. नाकाला कण टोचतो, मज्जातंतू मेंदूला कळवतात, छाती-पोटाचे स्नायू एकदम आवळतात आणि फुप्फुसातली हवा जोरात बाहेर येते.

परिपाठही बदलला. बोधकथा आणि बातम्या मुलं सावलीत बसून ऐकतात. उभं असताना मध्येच टाचा उचलून पाच वेळा वरखाली करायला सांगते. मुलांना तो खेळ वाटतो, पोटऱ्यांचं काम होऊन जातं. २०१९ मध्ये केरळच्या शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू झाल्याचं वाचलं होतं, तीही आम्ही सुरू केली. पण घंटा वाजूनही मोठ्या मुलींच्या बाटल्या संध्याकाळी भरलेल्याच घरी जायच्या. विचारलं तर कोणी बोलेना. शेवटी त्या परिपाठातल्या मुलीनेच हळूच सांगितलं, "बाई, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि तिथल्या दाराला आतून कडी नाही."

त्या शनिवारी कडी बसवली. आता बाटल्या रिकाम्या घरी जातात.